कोणती जावा चालते आहे, ते कसं कळेल?

(टर्मिनलमधल्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत कराव्यात.)

प्रश्न : मी एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या उबुंटूच्या मशिनवर जावा ११ आणि जावा १७ अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. मुलांचा प्रोग्राम कम्पाइल होतो, पण चालवायला गेलं की ‘६१.०’ आणि ‘५५.०’ असे आकडे दाखवणारी एरर येते. ‘व्हिच जावा’ विचारलं तर ‘/यूएसआर/बिन/जावा’ एवढंच कळतं. ही नेमकी कोणती? प्रयोगशाळेत इंटरनेट नाही, त्यामुळे शोधायची सोय नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : निम्मं उत्तर त्या एररमध्येच आहे. कम्पाइल केल्यावर तयार होणाऱ्या जावाच्या प्रत्येक क्लास फायलीवर आवृत्तीचा आकडा उमटलेला असतो. जावा १७ चा ६१, जावा ११ चा ५५. म्हणजे तुमच्याकडे कम्पाइल करणारी ‘जावासी’ १७ ची आहे आणि चालवणारी ‘जावा’ ११ ची. नवी फाइल जुन्या जावाला वाचता येत नाही. मुलांच्या प्रोग्राममध्ये काही चूक नाही, हे त्यांना आधी सांगा.

आता फायली कुठे आहेत ते पाहू. ‘व्हिच’ फक्त ‘पाथ’मध्ये (आज्ञा कुठे शोधायच्या त्या जागांच्या यादीत) दिलेल्या डिरेक्टऱ्या ओळीने बघतं आणि त्या नावाची पहिली फाइल सापडली की तिचा पत्ता देऊन थांबतं. ती खरी फाइल आहे की नुसती लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव), हे ते सांगत नाही. उबुंटूवर ‘/यूएसआर/बिन/जावा’ ही लिंक आहे. ती ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज/जावा’कडे जाते, आणि तिथून पुढची लिंक ‘/यूएसआर/लिब/जेव्हीएम’मधल्या खऱ्या प्रोग्रामकडे. शेवटपर्यंत जायचं तर ही आज्ञा द्या :

रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/जावा

आलेल्या पत्त्यात ११ किंवा १७ स्पष्ट दिसेल. मग हेच ‘जावासी’साठी वेगळं करा. दोघांच्या लिंका स्वतंत्र असतात, एक बदलली म्हणून दुसरी बदलतेच असं नाही. तुमच्याकडे नेमकं तेच झालेलं दिसतं. दुरुस्तीसाठी ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ द्या, यादीतून आवृत्ती निवडा, आणि ‘जावासी’लाही तीच निवडा. दोन्हीकडे ११ ठेवणार असाल तर मुलांचे प्रोग्राम पुन्हा कम्पाइल करावे लागतील.

एवढ्याने तुमचं काम होईल. पण तुम्ही मुलांना शिकवता, म्हणून थोडं पुढचं लिहिते. मी कॉलेजची मशिन सांभाळते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘व्हिच’च्या आधी ‘टाइप’ शिकवते. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेऊन चालवणारा प्रोग्राम, कोणतंही नाव ऐकलं की लगेच डिस्कवर शोधायला जात नाही. आधी ते एलियस (आज्ञेला दिलेलं दुसरं नाव), फंक्शन आणि स्वतःच्या पोटातल्या आज्ञा बघतं. ‘टाइप एलएस’ विचारा. उबुंटूवर ते एलियस असल्याचं कळेल. ‘टाइप सीडी’ विचारलंत तर ती शेलचीच आज्ञा निघेल, तिची वेगळी फाइल शोधत बसायचं कारण नाही. ‘टाइप -ए’ दिलं तर एकाच नावाचे सगळे दावेदार ओळीने येतात. दुसरी गोष्ट, बॅश (उबुंटूचं नेहमीचं शेल) एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं. प्रोग्राम दुसरीकडे हलवल्यावर ते जुन्याच जागी जाऊन ‘फाइल नाही’ म्हणालं, तर ‘हॅश -आर’ द्या.

आता इंटरनेटचं. प्रोग्रामबरोबर आलेली कागदपत्रं बहुधा तुमच्या मशिनवरच आहेत, आणि ती तुमच्याच आवृत्तीची आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. नेटवर सापडणारं उत्तर कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय, हे बऱ्याचदा त्यात लिहिलेलंच नसतं. ‘व्हेअरइज’ विचारलंत तर प्रोग्राम आणि त्याचं मॅन्युअल पान, दोन्हींचे पत्ते एकत्र मिळतात. नुसतं पान कुठे आहे ते ‘मॅन -डब्ल्यू’ सांगतं.

मॅन्युअलचे विभाग मुलांना जरूर शिकवा. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि विभागांना क्रमांक देण्याची रीत तेव्हापासूनची. ‘मॅन पासडब्ल्यूडी’ म्हटलं की पासवर्ड बदलायच्या आज्ञेचं पान उघडतं. ‘मॅन ५ पासडब्ल्यूडी’ म्हटलं की त्याच नावाच्या फाइलची रचना समजते. १ मध्ये रोजच्या आज्ञा, ३ मध्ये लायब्ररीतली फंक्शन्स, ५ मध्ये फायलींची रचना, ८ मध्ये व्यवस्थापकाच्या आज्ञा. नावच आठवत नसेल तर ‘अप्रोपोस’ला एखादा इंग्रजी शब्द द्या. शेलच्या पोटातल्या आज्ञांसाठी ‘हेल्प सीडी’.

याखेरीज ‘/यूएसआर/शेअर/डॉक’मध्ये प्रत्येक पॅकेजची (एकत्र बसवल्या जाणाऱ्या फायलींच्या गठ्ठ्याची) डिरेक्टरी असते. तिथला ‘रीडमी.डेबियन’ दिसला तर आवर्जून वाचा, उबुंटू-डेबियनवर काय वेगळं केलंय ते त्यात असतं. ‘जीझेड’ (दाबून लहान केलेल्या) फायली ‘झेडलेस’ने थेट वाचता येतात. फाइलचा पत्ता दिला की ती ज्या पॅकेजमधली आहे त्याचं नाव ‘डीपीकेजी -एस’ सांगतं (इथला एस मोठ्या लिपीत). फक्त त्याला ‘/यूएसआर/बिन/जावा’ देऊ नका. ती लिंक कुठल्याच पॅकेजमधली नसल्याने काही सापडणार नाही. रीडलिंकने मिळालेला खरा पत्ता द्या, मग ‘ओपनजेडीके-११-जेआरई-हेडलेस’ असं नाव येईल. ते ‘डीपीकेजी -एल’ला दिलं (हाही मोठ्या लिपीत) की पॅकेजने बसवलेल्या सगळ्या फायलींची यादी समोर येते.

प्रश्न : डॉकरमधल्या उबुंटूवर ‘मॅन एलएस’ दिलं तर पानच नाही. मॅन्युअल वेगळं विकत घ्यावं लागतं का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही, ते मोफतच आहे. डॉकर म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात प्रोग्राम चालवायची सोय. त्याची प्रतिमा (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) लहान राहावी म्हणून मॅन्युअलची पानं आणि ‘/यूएसआर/शेअर/डॉक’मधल्या बहुतेक फायली तिथे बसवतानाच वगळलेल्या असतात. ‘मॅन-डीबी’ हे पॅकेज बसवा आणि ‘अनमिनिमाइझ’ चालवा; ही आज्ञा सापडली नाही तर त्याच नावाचं पॅकेज आधी बसवा. नेट लागेल आणि वेळही जाईल. प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या कंटेनरवर मात्र हे करू नका, शिकण्यासाठी एक वेगळा कंटेनर ठेवा.