वायफाय कनेक्टेड आहे पण नेट नाही? आधी हे बघ

लॅपटॉपला वायफाय लागतं पण नेट चालत नाही म्हणालास ना? अरे घाबरू नकोस आणि लगेच फॉरमॅट मारायचा विचार तर अजिबात करू नकोस, नवीन मुलं बहुतेक तिथेच चुकतात. वायफाय लागलं म्हणजे लॅपटॉप फक्त राउटरपर्यंत पोचला, पुढचं नेट वेगळं.

सगळ्यात आधी मोबाईल डेटा बंद करून त्याच वायफायवर फोन चालतो का बघ. फोनवरपण नेट चालत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नको, फायबरच्या डब्यावर लाल लाईट असेल तर केबलवाल्याला फोन कर. आपल्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाऊन आली की राउटर कधीकधी अडकतो, तेव्हा अर्धा मिनिट बंद करून चालू कर. पण मागचं बारीक रीसेटचं भोक दाबू नकोस, सगळं सेटिंग उडतं!

फोन चालतोय, फक्त लॅपटॉपच अडलाय? मग:
- तारीख-वेळ बरोबर आहे का
- व्हीपीएन, प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद कर
- नेटवर्क फरगेट करून पासवर्ड परत टाक

आणि तू कोथरूडला पीजीत राहतोस म्हणालास ना, तिथे कदाचित ब्राउझरमध्ये लॉगिन पेज येत असेल, ते उघडून बघ. डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) वगैरे नंतर बघू, आधी एवढं करून काय दिसतं ते सांग.