बशीतली हळद, पोटातली हळद

मिरजेच्या एका लॅबमध्ये ३१ वर्षं जंतू वाढवायच्या प्लेटा लावल्या आणि वाचल्या. आता सांगलीत घरी बसून तुमची पत्रं वाचते. या महिन्याच्या गठ्ठ्यातली चार घेतली आहेत. हळदीच्या पत्राने निम्मी जागा खाल्ली, त्याला माझा इलाज नव्हता.

ताई, माझं हळदीचं अडत दुकान आहे. मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी शिकतो. त्याने आपलीच हळद स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला आणि जंतूंच्या प्लेटमध्ये भोक पाडून त्यात घातला. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती १४ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ दिसलं, तिथे जंतू वाढलेच नाहीत. हे पाकिटावर छापता येईल का? आणि वडिलांच्या पायाला जखम आहे, शुगर आहे, तिथे ही हळद लावावी का? – एक व्यापारी, मार्केट यार्ड, सांगली

मुलाचं कौतुक करा. दुकानात बसून गल्ला मोजण्याऐवजी वर्तुळं मोजतोय, हे मला आवडलं. आता त्याला माझा एक प्रश्न विचारा: बाजूला दुसरं भोक पाडून त्यात नुसतं स्पिरिट घातलं होतं का?

नसेल, तर ते १४ मिलिमीटर हळदीचे की स्पिरिटचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इंजेक्शनच्या आधी नर्स कापसाने दंडाला जे पुसते तेच हे. ते जंतू मारतंच. या नुसत्या स्पिरिटच्या भोकाला आम्ही कंट्रोल म्हणतो. कॉलेजची पोरं तेच विसरतात, आणि खरं सांगायचं तर छापून आलेल्या काही शोधनिबंधांतही ते सापडत नाही. शिवाय १४ मध्ये भोक धरलंय का? भोकच ८ मिलिमीटरचं असेल तर दोन्ही बाजूंना उरले तीन-तीन.

समजा, कंट्रोल लावला आणि हळदीचं वर्तुळ तरीही मोठं आलं. मग ते हळदीचंच. पण 'अमुक औषधाचं वर्तुळ १२, आमच्या हळदीचं १४, म्हणजे आमची हळद भारी' हा हिशोब चुकीचा. प्लेटमधली, म्हणजे त्या बशीतली, जेली अ‍ॅगरची असते, म्हणजे पुडिंगमध्ये घालतात ते चायना ग्रास. (जंतू वाढवायला ते वापरा, हे रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवलं फॅनी हेस्से या बाईने. ती ते स्वयंपाकघरात जेली घट्ट राहावी म्हणून वापरायची. १८८२ साली कॉखने अ‍ॅगरचा उल्लेख केला, बाईचा केला नाही. असो.) या जेलीत जवळजवळ सगळं पाणीच. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते भोकाच्या कडेलाच अडकून बसतं. पाण्यात सहज विरघळणारं औषध मात्र लांबवर पसरतं. वर्तुळ किती मोठं, हे मारण्याच्या ताकदीवर ठरतं तितकंच पसरण्याच्या चालीवरही ठरतं. म्हणून तर लॅबमध्ये अँटिबायोटिक मुरवलेल्या कागदी चकत्या लावताना औषधाची मात्रा ठरलेली, जंतूंचं प्रमाण ठरलेलं, अ‍ॅगरचा थरसुद्धा ४ मिलिमीटरचा ठरलेला असतो, आणि प्रत्येक औषधाचा तक्ता वेगळा असतो. एका औषधाचं १५ चांगलं, तर दुसऱ्याचं १५ नापास.

आता बशीतून पोटात येऊ. हळदीत कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के. खाल्लेल्या कर्क्युमिनपैकी फारच थोडं आतड्यातून रक्तात शिरतं, आणि जे शिरतं त्याचं रूप आतडं आणि यकृत लगेच पालटून टाकतात. मुलाच्या भोकात जेवढा दाट अर्क होता तेवढा दाट तो रक्तात कधीच होणार नाही. त्यात कर्क्युमिनचा एक वात्रटपणा आहे. ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि स्वतः चमकतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या कितीतरी चाचण्या त्याच्यापुढे खोटंच 'हो' म्हणतात. २०१७ साली अमेरिकेतल्या काही रसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनवरचं ढीगभर संशोधन चाळून हेच लिहिलं. माणसांवर नीट गट पाडून, कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती गोळी हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून केलेल्या चाचण्यांत त्याला यश मिळालेलं नाही, असाही निष्कर्ष त्यांनी काढला.

'पण अमेरिकेने हळदीचं पेटंट दिलं होतं ना?' हे तुम्ही पत्राच्या खाली लिहिलंय. दिलं होतं, १९९५ साली, जखमेवर हळद वापरण्याबद्दल. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथला वाद 'ही गोष्ट नवी आहे का' एवढाच होता. आपण म्हणालो, नवी नाही, आमच्या आज्या हेच करायच्या. हळदीने जखम किती भरते, याचा निवाडा त्या खटल्यात कुणी केलाच नाही. तो खटला जिंकल्याचा आनंद मलाही आहे, पण त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र समजू नका.

पाकिटाचं थोडक्यात: खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा कायद्याने छापता येत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याची रीतसर नोंदणी करून घ्या आणि ते छापा, ते खरं आहे.

वडिलांच्या पायाला मात्र हळद लावू नका. मुलाला आणखी एक प्लेट लावायला सांगा: दुकानातली चिमूटभर कोरडी हळद निर्जंतुक पाण्यात कालवून पसर म्हणावं, स्पिरिट न घालता. उद्या बघा काय उगवतंय ते. मसाल्यांत बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू (कवचात झोपलेले जंतू) असतात, ते वाळवण्याने मरत नाहीत आणि उकळीलाही पुष्कळदा दाद देत नाहीत. हळद जमिनीत वाढते, अंगणात वाळते, पूर्वी तर हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, वर्षानुवर्षं राहायची. त्यात माती असणारच. आमटीत चालतं, शुगरच्या जखमेत नाही. शिवाय पिवळ्या लेपाखाली जखमेचा रंग कळत नाही, आणि अशा पायात दुखणंही कळत नाही. आजच सर्जनला दाखवा. पत्राचं उत्तर छापून येईपर्यंत थांबला असाल तर मला तुमचा राग येईल.

काकू, सासूबाईंना लघवीला जळजळ होते म्हणून कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: मिश्र वाढ, पुन्हा नमुना द्या. पुन्हा पैसे! ही लूट नाही का? आणि तीन दिवस कशाला लागतात? – एक सूनबाई, विश्रामबाग

तुम्हीच पत्रात लिहिलंय की सकाळी सातला डबी भरली आणि मिस्टर ऑफिसला जाताना अकराला देऊन गेले. ते चार तास डबी कुठे होती? खिडकीत ना?

अंगाच्या उबेला ई. कोलाय हा आतड्यातला जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६. खिडकीत वेग कमी पडेल, पण वाढ थांबत नाही. लॅबमध्ये एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल अशा तारेच्या कडीने लघवी प्लेटवर ओढतात. प्लेटवर १०० ठिपके उगवले की मिलिलिटरमागे एक लाख जंतू. एक लाख हा उंबरठा १९५० च्या दशकात एडवर्ड कॅस या डॉक्टरने घातला आणि अजून बऱ्यापैकी टिकून आहे. खऱ्या संसर्गात बहुतेक वेळा एकाच जातीचे ठिपके दाट येतात. तीन-चार जातींची खिचडी आली तर ती कातडीवरची, डबीतली, खिडकीतली. लॅबने त्या खिचडीवर औषधांची यादी छापून दिली असती तर मी लूट म्हटलं असतं. त्यांनी पुन्हा मागितलं, हे प्रामाणिकपणाचं लक्षण.

या वेळी धुऊन, पहिली धार सोडून मधली धार घ्या, लॅबच्याच डबीत. तासाभरात पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, दुधाच्या पातेल्यापासून लांब. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी द्या, आणि सुरू झालं असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा.

दिवसांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी पेरायचं, दुसऱ्या दिवशी उगवलेलं ओळखून औषधांच्या चकत्यांसमोर लावायचं, तिसऱ्या दिवशी वाचायचं. जंतूला घाई करता येत नाही. रिपोर्टात औषधापुढे जंतू थांबवायला लागणाऱ्या मात्रेचे आकडे असले तर सर्वांत लहान आकड्याचं औषध सर्वांत जोरदार असं समजू नका. तो ज्याच्या त्याच्या तक्त्यात वाचायचा असतो, डॉक्टरांना वाचू द्या. एक आणखी: पुढे कधी जळजळ-ताप काही नसताना कल्चरमध्ये जंतू दिसले, तर म्हाताऱ्या माणसांना बहुधा औषध लागत नाही. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिथे द्यावंच लागतं.

मॅडम, मी कृष्णाकाठच्या एका गावात जलसुरक्षक आहे. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट पिवळी येते, म्हणजे क्लोरीन आहे, तरी शाळेच्या नळाच्या पाण्याची जंतू तपासायची एचटूएस बाटली काळी पडली. लोक मला विचारतात, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतोस की विकतोस? – वाळवा तालुका

तुम्ही टीसीएल टाकता, यावर माझा विश्वास आहे. पण दोन चाचण्या दोन नळांच्या आहेत. टाकीपाशी क्लोरीन असतं आणि शेवटच्या नळापर्यंत जाता जाता ते संपतं. पाणी गढूळ असेल तर गाळच ते खाऊन टाकतो. मधे पाइप गटारातून गेला असेल आणि कुठे फुटका असेल, तर पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते. ओटी शाळेच्याच नळाला करा आणि रंग थेंब टाकल्याबरोबर, दहा सेकंदांत बघा. उशिराने चढलेला पिवळा मोकळ्या क्लोरीनचा नसतो. उघड्या पोत्यातली टीसीएल महिन्याभरात किती उतरते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

ती बाटली आपल्याकडचीच, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८२ साली मांडलेली. विष्ठेतल्या जंतूंबरोबर असणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याने कागद काळा पडतो. मातीतले निरुपद्रवी जंतूही कधी कधी तिला काळी करतात, म्हणून काळी बाटली हा शिक्का नव्हे, इशारा. पण तुम्ही इशाऱ्यालाच शिक्का धरा: आधी गावाला पाणी उकळायला सांगा, मग नमुना प्रयोगशाळेत पाठवा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही.

नमुना त्यांच्याच बाटलीत घ्या, आणि तिच्या तळाची पांढरी पूड धुऊन टाकू नका! ते सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनला तिथल्या तिथे गप्प करतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती पूड 'घाण' समजून सहा बाटल्या विसळल्या होत्या. क्लोरीन वाटभर जंतू मारत राहिलं आणि सगळे रिपोर्ट चकचकीत आले. आमच्या सरांनी कारण विचारलं तेव्हा मी अभिमानाने सांगितलं की मी बाटल्या स्वच्छ केल्या. पुढचे दोन दिवस त्याच गावांना एसटीने परत.

मॅडम, ऊस चावला की दात साफ होतात असं आजोबा म्हणतात. खरं का? – एक विद्यार्थी, कराड

आजोबांच्या चोथ्याने दात घासले जात असतील, पण रसात साखर आहे. दातावरच्या थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात. ते ५.५ पीएचच्या खाली गेलं (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) की दाताचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला सगळं पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो. किती साखर यापेक्षा किती वेळा साखर, हे महत्त्वाचं.

हे कळलं कसं, तेही सांगते, कारण तू पुढे संशोधनात जायचं म्हणतोस. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घातल्या, दात किडेपर्यंत. दोन जेवणांच्या मधे चिकट गोड खाणाऱ्यांचे दात सर्वांत जास्त किडले. निष्कर्ष खरा, आजही शिकवतात. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. आज असा प्रयोग नैतिकता समितीच्या दारातही उभा राहणार नाही. मी विद्यार्थ्यांना हा निष्कर्ष सांगताना टॉफ्यांचं सांगितल्याशिवाय कधी पुढे गेले नाही.

ऊस जेवणाला लागून खा, वर खळखळून चूळ भर. दिवसभर कांडं चघळत हिंडू नकोस.

ता. क. – शिराळ्याच्या एका वाचकाने कुरिअरने विहिरीचं पाणी पाठवलं. बाटली चार दिवसांनी पोचली, थोडी गळून. तिच्यात आता जे काही आहे ते विहिरीचं नाही, प्रवासाचं आहे. मी ते कुंडीत ओतलं. पत्रं पाठवा, नमुने नकोत.