शिवाजी पार्कजवळचा १९३८ सालचा ‘प्री-वॉर’ फ्लॅट घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: ‘आम्ही लातूरचे. मुलगी मुंबईत नोकरीला आहे. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत १९३८ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला आहे. एजंट प्री-वॉर, उच्चभ्रू वस्ती वगैरे म्हणतो. भाव आजूबाजूच्या मानानं कमी वाटतोय. औसा रोडचा प्लॉट विकून घ्यावा का?’

प्लॉट विकायला माझी काही हरकत नाही, पण इसार द्यायची घाई करू नका. भाव कमी का, हे आधी शोधा.

‘प्री-वॉर’ हा न्यूयॉर्कच्या बाजारातला शब्द. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, उंच छताचं, जाड भिंतींचं घर. आपल्याकडे घराचं वय युद्धावरून कोण मोजतंय? निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधीचं, बहात्तरच्या दुष्काळातलं, नाहीतर भूकंपानंतरचं, अशी आपली मोजणी. मुंबईत मात्र योगायोगानं सरकारी वर्गवारी या शब्दाच्या जवळ जाते. शहर भागातल्या जुन्या, भाडेकरू असलेल्या, दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या इमारतींपैकी १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या ‘अ’ वर्गात येतात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ मध्ये. तेव्हा एजंटाला विचारायचं, इमारत उपकरप्राप्त आहे का? हो म्हणाला, तर बहुतेक तुम्हाला मालकी नाही, पागडी विकत आहेत.

पागडी म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळत नाही. विकणारा हा मालक नसतो, भाडेकरू असतो. तो त्याचा भाडेकरूपणा तुम्हाला देतो आणि त्या रकमेतला एक हिस्सा घरमालक घेतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ नं हा व्यवहार कायदेशीर केला आहे, म्हणजे ही चोरी नाही. पण मालमत्ता पत्रकावर तुमचं नाव लागत नाही, घरमालकाच्या संमतीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही आणि अशा घरावर कर्ज द्यायला बँका सहसा तयार नसतात. कमी भावाचं गुपित इथंच निघेल, असा माझा अंदाज. सोसायटी असेल आणि विक्रेत्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल, तर गोष्ट वेगळी. तरीही जमीन सोसायटीच्या नावावर आहे की महापालिकेची वा सरकारची भाडेपट्ट्यावरची, हे बघाच. मुंबईत भाडेपट्ट्याच्या जमिनी भरपूर आहेत.

आता इमारतीकडे येतो. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, त्यामुळे इथं जरा लांबण लागेल. तीन वर्षांपूर्वी मुलासाठी माटुंग्यात असाच एक फ्लॅट बघायला आम्ही नवरा-बायको लातूर एक्स्प्रेसनं पहाटे दादरला उतरलो होतो. घर बघून बायको हरखली. सागवानी दारं, पितळी कड्या, नक्षीच्या सिमेंट फरश्या, गोल वळणाची गॅलरी. म्हणाली, आपल्या गावच्या ढाळजेत बसल्यासारखं गार वाटतंय. मलाही वाटलं. एजंटानं भिंतीवर थाप मारून दाखवली, ‘काका, दीड फुटी भिंत, आता असं बांधत नाहीत.’

जाड भिंतीचं मला सांगू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारीच्या बाजूला मी कित्येक महिने होतो. तिथं अडीच-तीन फुटी दगडमातीच्या भिंती होत्या. भिंती फुटल्या, माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, माती खाली आली आणि जवळपास ८,००० माणसं गेली. जिथं लाकडी खणाचे खांब नीट होते तिथं भिंती पडूनही छत उभं राहिलेलं मी पाहिलंय. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरलो की माझा पहिला प्रश्न, हे छत कशावर उभं आहे?

मुंबईतल्या १९३० च्या दशकातल्या इमारती आपल्या माळवदासारख्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी काँक्रीट आणि सळई आहे. तिथला शत्रू समुद्र. खारी हवा आणि पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचा पोपडा खाली पडतो. विकायच्या घरात हे दिसत नाही, कारण आधी फॉल्स सीलिंग आणि रंग होतो. म्हणून फ्लॅट बघू नका, खालच्या मजल्यावरच्या माणसाला विनंती करून त्याच्या नहाणीघराचं छत बघा. जिन्याच्या पोटाखाली बघा. गच्चीवर जा. हॉल मोठा करायला कुणी मधली भिंत काढली आहे का ते विचारा. तिच्यावर वरचा भार असेल तर मालकानं हॉल मोठा करताना इमारतीचा पाय तोडला. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, त्याचा अहवाल मागा. आमच्या माटुंग्याच्या एजंटानं ‘पाठवतो’ म्हणून फोन उचलणं बंद केलं. तेवढं उत्तर मला पुरलं.

आणि भावाबद्दल. एजंट तोंडानं जुनेपण विकतो, पण भावात ती इमारत पाडल्यावर मिळणाऱ्या नव्या फ्लॅटचे पैसे आधीच धरलेले असतात. एकाच वस्तूचे दोन भाव. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गोल कोपरा दिसला की एजंट ‘हेरिटेज’ म्हणतात. त्याला सरळ विचारा, महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का? असेल तर पाडकाम आणि पुनर्विकास अवघड, मग पुनर्विकासाचे पैसे कशाचे मागतो? नसेल तर हेरिटेजचे कशाचे? गुत्तेदार-बिल्डर येऊन घिरट्या घालतायत, सोसायटीत किंवा भाडेकरूंत दोन तट आहेत, हे वॉचमनला चहा पाजलात तर पाच मिनिटांत कळतं.

वस्ती मात्र खरंच चांगली आहे, त्यात वाद नाही. मी शिवाजी पार्क पहिल्यांदा सहा डिसेंबरला पाहिलं, नांदेड-परभणीच्या माणसांच्या गर्दीत, त्यामुळे मला ते कधी परकं वाटलं नाही.

मुलीला त्याच गल्लीत जून ते सप्टेंबर, म्हणजे एक पावसाळा, भाड्यानं राहू द्या. प्लॉट कुठं पळून जात नाही. आमच्या मुलानं शेवटी ठाण्यात नव्या इमारतीत घेतलं. छत इतकं खाली की बायको अजून मला टोमणे मारते, आणि नातवाला उचलून घेतलं की पंखा बंद करावा लागतो.