हेडफोन काढल्यावर

"पन्नाशीनंतर काहीतरी शिकायला घेतलंय. एकटी असताना फार मजा येते. पण चार लोकांपुढे करायची वेळ आली की हात गार पडतात. वयाला शोभत नाही असंही वाटतं. सोडून द्यावं का?"

मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे कथक शिकणाऱ्या बँक मॅनेजरबाईंनी आणला, गाणं शिकणाऱ्या निवृत्त मास्तरांनी आणला, आणि गेल्या वर्षी पियानो शिकणाऱ्या एका बाईंनी. या तिसऱ्या बाईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

बाई मूळच्या ठाण्याच्या, गेली तीस वर्षं न्यू जर्सीत. वय 57. माझ्या पुण्यातल्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी दहाला, स्क्रीनवर भेटायचो. पाच वर्षांपूर्वी त्यांनी डिजिटल पियानो घेतला आणि आठवड्याला एक धडा सुरू केला. आता जुलैत त्यांना लूबेकला जायचं होतं. मेन राज्यातलं हे छोटं गाव, अमेरिकेच्या सलग भूभागाचं पूर्वेकडचं टोक. पूल ओलांडला की कॅनडा. तिथं उन्हाळ्यात मोठ्या वयाच्या हौशी वादकांसाठी शिबिर भरतं. मुरलेले वादक येतात, तसे नवशिकेही. बाईंनी जानेवारीतच पैसे भरले होते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहाचा फोटो फोनवर लावला होता. मार्चपर्यंत दिवस मोजत होत्या. एप्रिलपासून झोप उडाली.

"शेवटच्या संध्याकाळी सगळे वाजवतात. मी शोपँचा ई मायनर प्रेल्यूड बसवलाय. पंचवीस बारचा आहे फक्त. पण तेविसाव्या बारमध्ये सगळं थांबतं. पूर्ण शांतता. मग तीन कॉर्ड आणि संपलं. त्या शांततेत लोकांना वाटेल, ही विसरली."

मला पाश्चात्त्य संगीतातलं फार कळत नाही. शोपँ हा एकोणिसाव्या शतकातला पोलिश संगीतकार, प्रेल्यूड म्हणजे छोटी रचना, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक भाग, कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले सूर, इतकंच. घरी जाऊन तो तुकडा ऐकला. दोन मिनिटांच्या आसपासचा. डाव्या हाताचे कॉर्ड एकेक पायरी उतरत राहतात, उजवा हात वर जवळजवळ एकाच जागी घुटमळतो. आणि खरंच, शेवटाआधी श्वास अडकावा तशी जागा आहे.

दुसऱ्या भेटीत बाईंनी कारणही शोधून आणलं होतं. लहानपणी पेटी शिकत होत्या. पाहुणे आले की वडील म्हणायचे, "काढ गं पेटी, काकांना वाजवून दाखव." एकदा एक सूर चुकला आणि काकांनी "च्च" केलं. बस्स, तेव्हापासून.

बालपणात कारण सापडलं की आम्हा समुपदेशकांना जरा जास्तच समाधान वाटतं. गणित सुटल्यासारखं. पण मला हे उत्तर फार तयार वाटलं, ताटात वाढून आणलेलं. काकांच्या "च्च"नंतर याच बाईंनी कॉलेजात वादविवाद गाजवले होते, विमा कंपनीत तीनशे माणसांपुढे सादरीकरणं केली होती. लोकांपुढे उभं राहायला घाबरणारी बाई ही नव्हे.

मधल्या काळात कामाच्या गोष्टी चालूच होत्या. शिबिराला जाऊन आलेल्या मैत्रिणीने त्यांना एक गोळी सुचवली होती, प्रोप्रानोलॉल. हृदयाची धडधड आणि हातांची थरथर कमी करते, वादकांमध्ये चांगलीच माहितीची आहे. 1987 च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमधल्या दोन हजारांहून जास्त वादकांची पाहणी झाली, तेव्हा 27 टक्क्यांनी अशा गोळ्या घेतल्याचं सांगितलं होतं. म्हणजे पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्यांचेही हात कापतात. पण ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही आणि दमा असणाऱ्यांना ती घातक ठरू शकते. बाईंना दमा होता. विषय तिथंच संपला.

व्लादिमिर होरोविट्झ या नावाजलेल्या पियानोवादकाची गोष्ट मी त्यांना सांगायला गेले, तर ती त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होती. 1953 पासून बारा वर्षं हा माणूस जाहीर मैफलीला बसला नाही. मे 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला आणि सुरुवातीलाच चुकीच्या पट्ट्या पडल्या. "तो होरोविट्झ होता हो," बाई म्हणाल्या. "त्याचं चुकलं तरी लोक ऐकणारच. माझं कोण आणि कशाला ऐकेल?"

हे मी वहीत लिहून ठेवलं. चूक होण्याची भीती वेगळी. "माझं कोण कशाला ऐकेल" हे वेगळं.

तिसऱ्या भेटीत मी अगदी साधा प्रश्न विचारला. "लूबेकला जाताय हे कुणाकुणाला माहीत आहे?"

बाई गप्प झाल्या. नवऱ्याला माहीत होतं, पण किती पैसे भरले ते नाही. मुलाला "मेनला फिरायला" एवढंच. मंडळातल्या मैत्रिणींना त्यांनी सांगितलं होतं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे.

"ट्रेनिंग?"

"या वयात पियानो शिकायला आठवडाभर शिबिरात जाते म्हटलं तर हसतील ना. मुलांची शिबिरं असतात तशी."

आणि मग कळलं की पाच वर्षांत घरात कुणीही त्यांचं वाजवणं ऐकलेलंच नव्हतं. डिजिटल पियानोला हेडफोन लावायच्या. रात्री जेवणं झाली की दार लोटून बसायच्या. घरच्यांना ऐकू यायची ती फक्त पट्ट्यांची टकटक.

इथं मला गाठ दिसली. सूर चुकण्यापेक्षा त्यांना जास्त भीती होती हौस उघडी पडण्याची. आपल्याला काहीतरी मनापासून हवंय, ते नोकरीच्या उपयोगाचं नाही, मुलांसाठी नाही, आणि त्यात आपण फार चांगल्याही नाही, हे लोकांना दिसण्याची. आपल्याकडे हौशी हा शब्द खरं तर मानाचा. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघ दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करतात, आणि गावोगावच्या थिएटरात प्रयोग लावतात. पण बाईच्या हौसेला आपण पटकन "खूळ" म्हणतो, साडी-दागिन्यांची हौस सोडून. अमेरिकेत जाऊन तीस वर्षं झाली तरी तो शब्द सामानातून बरोबर जातो.

त्यामुळे मी मंचावरच्या भीतीचे व्यायाम थोडे बाजूला ठेवले. एकच काम दिलं: पुढच्या भेटीपर्यंत घरातल्या एका माणसाला खरं सांगायचं. नवरा नको, कारण तिथं पैशांचा मुद्दा आड आला असता. बाईंनी सासूबाईंना निवडलं. वय 83, गुडघे गेलेले, कान तिखट.

पुढच्या भेटीत बाई आधी पाच मिनिटं हसत होत्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, मला वाटायचं तू टायपिंग करतेस. रात्री-अपरात्री ऑफिसचं काम. मग मला का नाही ऐकवलंस?" आणि स्वतः काठी टेकत जाऊन पियानोशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.

त्या दिवशी हेडफोन निघाले. प्रेल्यूड दोनदा अडखळला. सासूबाईंचा अभिप्राय: "रडकं आहे, पण बरं आहे."

यानंतर बाकीचं सोपं होतं असं नाही. डिजिटलवर शिकलेल्या हाताला खऱ्या पियानोच्या पट्ट्या जड लागतात, आवाज खोलीभर घुमतो, आणि आपण इतके जोरात वाजवतो हे ऐकून माणूस दचकतो. म्हणून त्यांनी जवळच्या चर्चमधल्या पियानोवर आठवड्यातून दोनदा बसायची परवानगी मिळवली. अधल्यामधल्या कुठल्याही बारपासून सुरुवात करता यावी असा सराव त्यांच्या शिक्षिकेने करून घेतला, म्हणजे अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून जावं लागत नाही. माझ्या अखत्यारीतलं नाही, तरी एक गोष्ट मी सांगून ठेवली: रोज चाळीस मिनिटं वाजवणाऱ्याने शिबिरात अचानक सहा तास वाजवू नये, मनगटं दुखणं बांधून घेतात.

"शांत हो" असं मात्र मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाण्याआधी "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्याने म्हणणारे लोक "मला भीती वाटतेय" म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त सुरात गायले. शरीराची धडधड दोन्हींत तीच. आता "मला उत्साह वाटतोय" हे मराठीत शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाटतं, बाईंना हसूच आलं. त्यांचा शब्द धाकधूक. तो आपण निकालाच्या दिवशीही वापरतो आणि मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीही. तोच ठेवला.

मंडळातल्या मैत्रिणींना त्यांनी जूनमध्ये सांगितलं. एक हसली. एकीने विचारलं, पेटीवाल्यांना घेतात का तिथं?

जुलैत त्या गेल्या. आठवडाभर मला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. मग एक निरोप आला, धुक्यातल्या दीपगृहाच्या फोटोसह. वाजवलं होतं. सोळाव्या बारनंतर, जिथे सूर एकदम चढतो, तिथं उजवा हात घसरला. थांबल्या नाहीत. रेकॉर्डिंग सासूबाईंना पाठवलं होतं आणि त्यांचा लगेच फोन आला होता.

"शेवटी मधेच थांबलीस ती काय, विसरलीस का गं?"

"नाही आई. ते तसंच लिहिलंय."