महामारीत मेडिकलचे विद्यार्थी तर घरीच होते, मग त्यांना एवढा ताण कसला आला?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमची धाकटी बहीण २०२० मध्ये मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, बराच काळ घरीच होती, आणि आजही तो विषय निघाला की उठून आत जाते. 'वॉर्डात तर गेली नव्हती, मग हे कशामुळे आणि आम्ही काय करावं', असं तुम्ही विचारलंय.

मी तेव्हा तिच्या एक वर्ष पुढे होते. मीही वॉर्डात गेले नव्हते. 'वॉर्डात तर गेली नव्हतीस' हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून आधी रागच आला. मग वाटलं, हे निदान विचारतायत तरी.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली आणि काही दिवसांतच ठिकठिकाणच्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांची वॉर्डातली पोस्टिंग्ज थांबवली. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं १७ मार्चला तशी शिफारसच केली. त्याच सुमारास इटलीनं मात्र नव्या पदवीधरांची परवाना परीक्षा बाजूला ठेवून त्यांना थेट कामावर घेतलं. एकीकडे 'तू अजून कच्ची आहेस, घरी जा', दुसरीकडे 'झालीस तयार, ये'. आम्हाला सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन्ही ऐकवलं गेलं. आधी घरी पाठवलं. मग माणसं कमी पडायला लागली तेव्हा निरोप आला की घरी बसून नातेवाइकांना फोन करा, रोजची तब्येत कळवा.

पद्धत अशी होती. सकाळी दहाला आणि दुपारी चारला मोबाइलवर एक यादी यायची. बेड नंबर, नाव, वय, ऑक्सिजन किती लिटर, सॅच्युरेशन, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द: स्थिर, गंभीर किंवा सुधारणा. त्या एका शब्दावर मी पंधरा-सोळा घरांशी बोलायचे. पेशंट मी कधी पाहिलेलाच नसायचा. नोंदींसाठी वेगळी वही नव्हती म्हणून किडनीच्या नोट्सची वही उलटी करून मागून लिहायला घेतली. पुढून नेफ्रॉनच्या आकृत्या, मागून माणसं.

बेड १७ च्या काकांची मुलगी रोज एकच विचारायची, "बाबांना चष्मा दिलाय का? त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही, घाबरतील हो." मी रोज म्हणायचे, "विचारून सांगते." वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरला मेसेज टाकायचे. तो कुठून बघणार, तो पीपीई किटमध्ये होता. मी वहीच्या समासात 'चष्मा – १७' असं लिहिलं आणि त्याखाली तीन दिवस तीन रेघा ओढल्या.

चौथ्या दिवशी चारच्या यादीत 'स्थिर' होतं. मी पाच वाजायच्या जरा आधी फोन केला, स्थिर आहेत म्हणाले, चष्म्याचंही बघते म्हणाले. ती म्हणाली, "थँक्यू डॉक्टर, आज झोप लागेल." सातला तिचा उलट फोन आला. काका सव्वाचारलाच गेले होते. तिला ते दुसऱ्या कुणीतरी कळवलं होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं की तुम्ही मला सांगितलं नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. माहीत नव्हतं म्हणावं तर मग मी रोज कशाच्या जोरावर बोलत होते?

वाईट बातमी कशी सांगावी यावर आमचं एक लेक्चर झालं होतं. 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत. पहिली पायरी अशी की शांत जागा बघा, समोर बसा, घाई करू नका. दुसरी, त्यांना काय ठाऊक आहे ते आधी विचारा. मी माझ्या खोलीत पलंगावर बसले होते आणि जे ठाऊक असायला हवं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. पहिली पायरीच पायाखाली नव्हती.

त्यानंतर डोळ्याला डोळा लागेना. फोन वाजला की पोटात खड्डा पडायचा, मग तो मैत्रिणीचा का असेना. मी रिंगटोन बदलली, नंतर आवाजच बंद केला, आणि आवाज बंद असल्यानं फोन चुकेल या भीतीनं दर दोन मिनिटांनी स्क्रीन बघायला लागले. पुस्तक उघडलं की वही आठवायची. नेफ्रॉलॉजी, म्हणजे तो किडनीचाच विषय, मी त्या वर्षी कशीबशी पास झाले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आठवड्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हात वर करून दोन गोष्टी मागितल्या. फोन करण्याआधी यादी ताजी करून मिळावी, आणि आठवड्यातून एकदा कुणी वरिष्ठांनी आमच्याशी अर्धा तास बोलावं. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "आमचे रेसिडेंट तासन्‌तास किटमध्ये घामानं निथळतायत आणि तुम्ही घरी पंख्याखाली बसून ताणाच्या गोष्टी करता?" मीटिंगमध्ये चौतीस जण होतो. सगळ्यांचे कॅमेरे बंद. कुणी बोललं नाही. मीही 'सॉरी सर' म्हटलं.

त्या 'सॉरी'चं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा सुचलं नाही ते आता सांगते. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्यांच्या गळ्याला छिद्र करून, रबरी पिशवी हातानं दाबत श्वास द्यायचा, ही पद्धत ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं तिथे आणली. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून बेडशेजारी बसले आणि आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. कितीतरी जीव वाचले, आणि काहींचे पेशंट त्यांच्या हातात पिशवी असतानाच गेले. ते सोपं होतं असं कोण म्हणेल? पण ती मुलं पेशंटचा चेहरा बघत होती, काही बिघडलं तर समोर दिसत होतं, हाक मारली तर कुणी येत होतं. आमच्याकडे एक शब्द होता आणि तोही पाऊण तास शिळा. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला जबाबदार धरलं की माणूस आतून पोखरत जातो. त्याचा पंख्याशी काय संबंध, सर?

आणि दुखणं काही महामारीनं जन्माला घातलं नाही. २०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता, जवळपास दोनशे अभ्यास एकत्र करून केलेला. मेडिकल विद्यार्थ्यांपैकी २७.२ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं, ११.१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार. ज्यांच्यात नैराश्य दिसलं त्यांतले उपचाराला गेले फक्त १५.७ टक्के. हे सगळं कोविडच्या आधीचं. उरलेले का जात नाहीत ते मी सांगते. रेकॉर्डवर येईल, पुढे पीजीला किंवा नोकरीला कुणी विचारेल, 'ही काय पेशंट सांभाळणार' म्हणतील. आणि सर तसं म्हणतातही, हे आम्ही ऐकलेलं असतं.

मी स्वतः चार महिन्यांनी गेले. रात्री पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली भरायला घेतली, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न. आठ भरले आणि नवव्यावर थांबले. तो जगण्याबद्दलचा प्रश्न आहे. त्यावर मला पटकन 'अजिबात नाही' लिहिता आलं नाही, म्हणून सकाळी मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी पहिल्या भेटीत वही मागून घेतली आणि मागची पानं सगळी वाचली. तोवर ती कुणी पाहिलीही नव्हती. त्या 'चष्मा'वर बोट ठेवून म्हणाल्या, "हे विचारणारी त्या यादीवर दुसरी कुणी होती का?" मी तिथे पहिल्यांदा रडले. औषध सहा महिने घेतलं, बोलणं वर्षभर चाललं.

बहिणीचं म्हणाल तर 'वॉर्डात गेली नव्हतीस ना' हे आधी बंद करा. ती नेमकं काय काम करत होती ते विचारा: फोन, याद्या, बेड शोधणं, की काहीच नाही. काहीच नसेल तरी तेही जड असतं. सोबतचे राबतायत आणि आपण व्हिडिओवर पोट तपासायला शिकतोय, याची लाज वर्षानुवर्षं जात नाही. लगेच उत्तर मिळणार नाही. झोप, भूक, एखादा आवाज किंवा जागा टाळणं असं काही अजून चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा, आणि तेही तिच्या कॉलेजबाहेरच्या, म्हणजे ती मोकळेपणानं बोलेल. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, मेडिसिनला आहे. माझ्याच बॅचमधल्या कितीतरी जणांना यातलं काही झालं नाही. वॉर्डात उभ्या असलेल्या रेसिडेंटनी जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही, त्यांचं दुखणं वेगळं आणि काहींचं माझ्याहून फार मोठं. सरही तेव्हा झोपत नव्हते, हे मला नंतर कळलं. तरी ते बोलले ते चूकच होतं.

आता माझ्या युनिटमध्ये इंटर्न नातेवाइकांना फोन करतात. आधी बेडपाशी जाऊन पेशंटला बघायचं, मगच नंबर फिरवायचा, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, सगळं केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लिहायला लावते.

बहिणीला वाटलं तर माझ्याशी बोलू द्या. मला इथेच मेसेज करा. या आठवड्यात रात्रपाळी आहे, सकाळी नऊनंतर उत्तर देईन.