लातूरला नव्याने आलेल्या सुनेचा रविवार

माहेर नाशिकचं, लग्नाला वर्ष होत आलं, लातुरात सासू-सासऱ्यांसोबत राहतेस. नवरा बँकेत, तुझं काम घरून. सोमवार ते शनिवार लॅपटॉप आणि स्वयंपाकघर, रविवारी पाहुणे, साठलेलं धुणं आणि आठवड्याची भाजी. कुठे जाऊ म्हटलं की घरातले म्हणतात, "इथे बघण्यासारखं आहेच काय?" मनात काहीतरी साचत चाललंय आणि ते कोणाशी बोलावं हे कळत नाही. एवढं तू विचारलंयस. मी या शहरात सून म्हणून आले त्याला आता बरीच वर्षं झाली. वयानेही मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या घरातले जे म्हणतात ते खोटं नाही, त्यांच्यापुरतं खरं आहे. आपल्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायका घराबाहेर पडल्या त्या नवस फेडायला तुळजापूरला, एकादशीला पंढरपूरला, नाहीतर कोणाच्या लग्नाला. जिथे गेल्या तिथेही पोळ्या लाटल्या, लेकरं सांभाळली आणि रात्री परत आल्या. वाटेत गाडी थांबवून "हे काय आहे, बघू तरी" म्हणायला त्यांना कोणी सवडच दिली नाही. त्यामुळे गाव बघण्यासारखं आहे की नाही हे त्यांना विचारू नकोस. त्यांना सोबत घेऊन जा. त्यावर पुढे लिहिते.

पहिल्यांदा घरातलं. सहलीसाठी पहाटे चारला उठून सगळ्यांचा डबा करायचा, घरी राहणाऱ्यांचं दुपारचं झाकून ठेवायचं आणि परत आल्या आल्या कुकर लावायचा, असं असेल तर तू घरीच बस, निदान पाठ तरी टेकेल. महिन्यातले दोन रविवार तुझी चूल बंद असली पाहिजे, आणि हे तू सांगायचं नाहीस. तुझ्या नवऱ्याने त्याच्या आईला सांगायचं, तेही गुरुवारी-शुक्रवारी, शांतपणे: "रविवारी सकाळी सातला आम्ही निघतो, दिवेलागणीपर्यंत येतो, दुपारचं मी बाहेरून आणून देतो." सुनेने मागितलं की ती परवानगी होते आणि परवानगी कधीही मागे घेता येते. मुलाने कळवलं की तो घरातला बेत होतो. नवऱ्याला हे अवघड वाटत असेल तर तेवढी एक गोष्ट त्याला करू दे. तू मध्ये पडू नकोस.

दुसरं म्हणजे पाणी. नाशिकच्या मुलीला हे इथे आल्यावरच कळतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच शहर, आणि तेव्हापासून इथल्या घरांच्या अंगात पाण्याची एक धास्ती आहे. नळ रोज येत नाही, ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरात एक माणूस लागतो आणि ते माणूस बहुतेक सूनच असते. म्हणून रविवारचा बेत करताना आपल्या गल्लीचा नळ कधी येणार हे आधी बघ. नळ रविवारीच आला तर टाकी भरायची मोटर सासऱ्यांना लावता येते. मोटर चालू करायला सून लागत नाही.

डब्याचं सोपं आहे. आदल्या रात्री दोघांनी मिळून धपाटे करा, तू लाट, तो भाजेल. ज्वारीच्या पिठाचे, तीळ आणि हिरवी मिरची घालून केलेले धपाटे दुसऱ्या दिवशी जास्तच चांगले लागतात. शेंगदाण्याची चटणी घे, दही वाटेत मिळतं. सकाळचा नाश्ता घरी करूच नकोस, चुरमुऱ्याचा सुशीला इथे सकाळी गाड्यावर मिळतो, तो खाऊन निघायचं.

आता कुठे जायचं. मला विचारशील तर पहिला रविवार तेरला दे. मुरूड, ढोकी करत जायचं, फार लांब नाही. तेर म्हटलं की सगळ्यांना गोरोबाकाकांची समाधी आठवते आणि ती आहेच, तेरणेच्या काठी. तिथे बसावंसं वाटतं. पण तेर त्याहून किती जुनं आहे हे इथल्या पुष्कळ घरांना माहीत नसतं. याचं जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथून मलमल आणि साधं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जातं. आपल्या या कोरड्या मुलखातलं कापड तेव्हा समुद्रापार जात होतं! गावातच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे तेरचेच. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत सापडलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, सातवाहनांची नाणी. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही इथे सापडली, आणि तिच्यासारखीच मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळालेली आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळही चुकवू नकोस. त्याची मागची बाजू गोल आहे, बौद्ध चैत्यगृहासारखी, आणि तशी विटांची इमारत आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

या तेरला मी आमच्या आत्यांना घेऊन गेले होते. आमच्याकडे सासूबाईंना आत्या म्हणतात. गोरोबाकाकांच्या यात्रेला त्या लहानपणापासून जात होत्या, पण संग्रहालयाच्या दारातून आत कधी गेल्या नव्हत्या. आत गेल्यावर मातीच्या भांड्यांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं माय, असलंच रांजण आमच्या आज्जीच्या परसात होतं." मग पुढे तासभर त्या मला सांगत होत्या. त्यांची आजी, तिची बाळंतपणं, दुष्काळात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरलेलं. इतकी वर्षं एका घरात राहून यातलं काही मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात रविवारच्या जाण्याला कोणी आडवं आलं नाही, उलट "आता कुठं?" असं त्याच विचारतात. म्हणून सांगते, पहिल्या काही सहलींपैकी एक तरी सासूबाईंना घेऊन कर. एसटीत आपल्याला, म्हणजे बायकांना, अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ पासून आहेच, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. गाडी नसली तरी अडत नाही.

मात्र सगळ्याच सहली कुटुंबाच्या होऊ देऊ नकोस. काही तुम्हा दोघांच्याच पाहिजेत. वर्षभरात तुम्ही दोघं घराच्या भिंतींबाहेर सलग चार तास बोललात का, याचा विचार कर. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोचं बोलणं दार लोटल्यावर दबक्या आवाजात होतं आणि त्यात निम्म्या घरातल्याच तक्रारी असतात. दोघांसाठी अंबाजोगाई चांगली. रेणापूरवरून जायचं. योगेश्वरीचं देऊळ बघा आणि तिची कथा तिथल्या कोणाकडून तरी ऐका. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड होऊन राहिलं आणि देवी कुमारिकाच राहिली. गावाजवळच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच असं लोक सांगतात. लेणी म्हणूनही ती जागा सुंदर आहे. मला ही कथा आवडते, कारण लग्न न झालेल्या देवीच्या पायाशी या मुलखातल्या लेकी-सुना पिढ्यानपिढ्या ओटी भरत आल्या आहेत आणि तिला कोणी उणं मानलं नाही.

तिथून बालाघाटाच्या कुशीत मुकुंदराजांच्या समाधीकडे जा. त्यांचा विवेकसिंधू शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून सांगतात. पावसाळ्यात दरीतला हिरवा रंग डोळ्यांत मावत नाही. एवढं बघून दुपार सरते. अंबाजोगाईला धावत धावत परळीही जोडू नका, तिला वेगळा दिवस ठेवा. एका दिवसात पाच देवळं उरकणारे लोक मला आवडत नाहीत, त्यांना शेवटी चपलांच्या रांगाच आठवतात.

खरोसा लेण्यांना सकाळी लवकर जा. औशाच्या पुढे निलंग्याच्या रस्त्याला, सहाव्या शतकाच्या आसपासची, जांभ्या खडकात कोरलेली लेणी आहेत. वेरूळ मनात ठेवून गेलीस तर हिरमुसशील. खडकच असा की शिल्पं झिजली आहेत. पण नरसिंह, शिव-पार्वती ओळखू येतात, गर्दी नसते, आणि टेकडीवरून खालची शेतं लांबवर दिसतात. येताना औशाचा भुईकोट किल्ला होतो. नळदुर्गला मात्र पावसाळ्यातच जा आणि पूर्ण दिवस राखून जा. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी हे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि महालाच्या आत कोरडं उभं राहून समोर पाण्याचा पडदा दिसतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. उन्हाळ्यात यातलं काहीच नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी बाहेर पडणं म्हणजे आजारपण. तेव्हा संध्याकाळी लातुरातलंच नाना-नानी पार्क, नाहीतर गंजगोलाईची बाजारपेठ. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथे, मधोमध देवीचं देऊळ. एखाद्या संध्याकाळी काहीही विकत न घेता, एकेका रस्त्यात शिरून नुसतं फिरून बघ. कुठल्या रस्त्यावर सोनं, कुठे भांडी, कुठे कापड हे एकदा पायांना कळलं की शहर परकं राहत नाही.

आता मनात साचतंय त्याबद्दल. रविवारने ते सगळं जाणार नाही, आणि जाईल असं मी सांगणारही नाही. तुझी ओळख इथे सध्या "अमक्यांची सून" एवढीच आहे. नाशिकला तुला तुझ्या नावाने हाक मारणारे रस्ताभर लोक होते. ते नसणं हेच मोठं दुःख आहे आणि ते खरं आहे, त्याला कोणी "होईल सवय" म्हणून झटकलं तर ऐकू नकोस. मी दोन गोष्टी केल्या. दुपारी जेवणानंतर घर निजलं की एक वही घेऊन बसायचं. काय बघितलं, काय राग आला, कोण काय बोललं, शेजारच्या काकूंनी आंबट चुका कसा निवडायला शिकवला, सगळं. संतकवी दासोपंतांनी अंबाजोगाईत पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, पंचीकरण हा ग्रंथ लिहिला, आपल्याला तर वही सहज मिळते. ती वही कोणी वाचायची नाही हे घरात स्पष्ट सांगायचं. आणि दुसरं, सासरच्या नात्याबाहेरची एक तरी मैत्रीण जोडायची. गल्लीतली भिशी, वाचनालय, सकाळी फिरायला येणारी बाई, कोणीही. इथल्या बायका पहिल्या भेटीतच "काय करूलालीस, ये की बसायला" म्हणतात, ते मनापासून असतं. जाऊन बसावं.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर मात्र सहल आणि वहीवर थांबू नकोस. डॉक्टरांना भेट. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि नवऱ्याला आधी सांग.

शेवटी हिवाळ्याचं. हुरड्याचं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नकोस. आणि मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी लातूर ओस पडतं, बाजार बंद, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. भज्जी म्हणजे तुला वाटतील तशी तळलेली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, हरभरा असे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली ती दाट भाजी असते, वर्षातून त्याच दिवशी अशी जमते. तुमचं शेत नसलं तरी कोणीतरी बोलावतंच, इथे त्या दिवशी ओळख नसलेल्यालाही हाताला धरून पंगतीत बसवतात. ही सुट्टी तुझ्या कंपनीच्या यादीत नसणार, म्हणून दिनदर्शिकेत तारीख बघून रजा आत्ताच टाकून ठेव.