रूममेटबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. शनिवारी रात्री खारघरच्या फ्लॅटवर रूममेट दारू पिऊन पार आडवा झाला. तुम्ही त्याला शॉवरखाली बसवलंत, लिंबूपाणी पाजलंत, बेडवर उताणा टाकलात आणि दार ओढून घेतलंत. सकाळी उठून त्याने पोहे खाल्ले. आता तू विचारतोस, त्याच्या घरी सांगू का? ते सांगतेच, पण आधी रात्रीचं बोलू. कारण तो सकाळी उठला त्यात तुमच्या उपायांचा काडीचाही वाटा नाही.

दारू उतरते ती यकृताच्या वेगाने. ढोबळमानाने तासाला एक छोटा पेग. कॉफी, लिंबू, थंड पाणी, कशानेही तो वेग वाढत नाही. उलट पोटात राहिलेली दारू माणूस झोपल्यावरही रक्तात जात राहते, म्हणून बाराला बरा वाटणारा एक वाजता जास्त बिघडू शकतो. गार पाण्याने अंग थंड पडतं, गुंगीत पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं, आणि उताण्या माणसाला उलटी झाली तर तो गुदमरतो. कुशीवर निजवायचं, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवायचा, तोंड जरा जमिनीकडे, आणि एकाने शेजारी जागं राहायचं. खांदा हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद असेल, मध्येच थांबत असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, तर 108. दारूवर झोपेची गोळी घेतली असेल तर वाट बघायचीच नाही. दोन्ही मिळून श्वास दाबतात. काय काय घेतलंय ते डॉक्टरांना खरंखरं सांगायचं.

‘पोलीस केस होईल, घरमालक हाकलेल’ म्हणून तुम्ही फोन केला नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवूही शकतं. कळवू दे. दुसरा फ्लॅट मिळेल.

आता जी गोष्ट तू मेसेजमध्ये जाता जाता लिहिलीस, तिथे मी थांबले. तू स्वतः घेत नाहीस, पण ॲक्टिव्हा तुझ्याकडे आहे म्हणून सामान आणायला तूच जातोस. दारूचंच म्हणशील तर आपल्याकडे बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना. तुमच्यात कोण बसतं त्यात? (तो परवाना आयुष्यात पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय, ते सोडा.) पण परवा म्हणे कॉन्ट्री काढून एमडी मागवायचं ठरतंय आणि पैसे तुझ्या जीपेवर जमा होणार आहेत.

हे नीट वाच. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, 2015पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. 2 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘अल्प प्रमाण’, शिक्षा एक वर्षापर्यंत. त्यावर गेलं की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. 50 ग्रॅमच्या वर किमान दहा वर्षं. चौघांचं एकेक ग्रॅम तुझ्या डिकीत सापडलं तर ते चार ग्रॅम तुझे. वजन भेसळीसकट धरतात, सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तसं स्पष्ट केलंय. व्यसनी माणूस अल्प प्रमाणासह सापडला आणि आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर कायदा त्याला खटल्यातून सूट देतो. तुला ती सूट नाही. तू व्यसनीही नाहीस आणि माल दोन ग्रॅमच्या वर. घेणारे चौघे वाचतील, न घेणारा आत जाईल.

ग्रुपमध्ये असा एक गुणी मुलगा असतोच. आणतो तो, आवरतो तो, घरून फोन आला की ‘लायब्ररीत गेलाय’ म्हणतो तो. रेक्टर असताना मी असे पुष्कळ पाहिलेत आणि पिणाऱ्यांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटायची. मैत्री तोडू नकोस, पण आणणं आणि खोटं बोलणं आजपासून बंद. ‘गाडी बाबांच्या नावावर आहे, मला जमणार नाही,’ एवढं पुरे. कारणं जितकी जास्त देशील तितके ते वाद घालतील.

रूममेटशी बोलायचं ते दिवसा, एकट्याला गाठून. उपदेश नको, पाहिलंस ते सांग: सबमिशन बुडालं, दोघांकडून उसने घेतले, सकाळी चहाचा कप हातात हलतो. ते हात हलणं मला आवडलेलं नाही. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, म्हणून ‘आजपासून थेंब नाही’ अशी शपथ त्याला घालू नकोस, आधी डॉक्टर. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, मन मोकळं करायला टेलिमानस 14416, दोन्ही फुकट. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला तो कचरेल, तर तू सोबत जा. केसपेपर काढण्यापुरती तरी सोबत लागतेच.

आणि घरी सांगायचं का? आठवडाभरात तो डॉक्टरकडे गेला नाही, किंवा शनिवारसारखी रात्र पुन्हा आली, तर हो. आईला नको, ती रात्रीच्या एसटीत बसेल आणि इथे येऊन नुसती रडेल. मोठ्या भावाला सांग. फोन रूममेटसमोर लाव, पाठीमागे नको. शिव्या देईल, महिनाभर बोलणार नाही कदाचित.

मी नेरूळलाच आहे. फोन लावायला धीर होत नसेल तर दोघं माझ्याकडे या, इथून लावू.

तुझी,
मॅडम